इलेक्ट्रिक फुटबॉल : घरगुती पटाची बांधणी

अमेरिकन फुटबॉलवर बेतलेला, पत्र्याच्या थरथरत्या पटावर खेळायचा बैठा खेळ म्हणजे इलेक्ट्रिक फुटबॉल. न्यूयॉर्कच्या ट्यूडर मेटल प्रॉडक्ट्स या कंपनीचे नॉर्मन सॅस यांनी तो १९४९ मध्ये बाजारात आणला. दोन्ही संघांच्या अकरा-अकरा प्लॅस्टिकच्या आकृत्या मांडून बटण दाबले की पट थरथरतो आणि आकृत्या आपापल्या दिशेने चालू लागतात. चेंडूवाल्या खेळाडूला प्रतिस्पर्ध्याची बैठक टेकली की बटण बंद करतात. मोठा, सपाट आणि मनासारखा पट हवा असलेले शौकीन तो घरीच बांधतात.

आकृती चालते ती बैठकीखालच्या मागे कललेल्या बारीक दात्यांवर. पत्रा वर उचलला गेला की दाते दबतात, खाली गेला की उसळतात आणि प्रत्येक वेळी आकृती केसभर पुढे सरकते. टूथब्रशचे डोके कापून, त्याचे केस एका बाजूला कलवून थरथरत्या पत्र्यावर ठेवले तर हीच चाल दिसते.

मूळ पटाखाली विद्युतचुंबक असतो. अमेरिकेतला घरगुती वीजपुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असतो. प्रत्येक आवर्तनात चुंबकाची ओढ दोनदा बसते, म्हणून पट सेकंदाला १२० वेळा थरथरतो. हे यंत्र भारतात थेट २३० व्होल्टला जोडले तर वेटोळे जळते. इथे ५० हर्ट्झमुळे चुंबकाचा लोखंडी गाभा लवकर संपृक्त होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही आणि वेटोळे तापते, म्हणून ११० व्होल्टपेक्षा १०० व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर बरा. थरथर सेकंदाला १०० वर येते, तेव्हा चुंबक आणि पट यांच्यातल्या अंतराचा स्क्रू नव्याने जुळवावा लागतो.

नवा पट बांधताना मात्र घरची वीज पत्र्याजवळ आणूच नये. १२ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर, डीसी मोटर आणि वेग कमी-जास्त करणारा पीडब्ल्यूएम रेग्युलेटर पुरेसा होतो.

मापासाठी ४८ × २४ इंची पट सोयीचा. खरे मैदान दोन्ही टोकांच्या पट्ट्यांसह ३६० × १६० फूट असते. १ इंचाला ८ फूट धरले की ते बरोबर ४५ × २० इंचांत बसते. दहा यार्डांच्या दोन रेषांत पावणेचार इंच, म्हणजे ९५.२५ मिमी अंतर येते. सगळ्या रेषा एकाच टोकापासून मोजाव्यात. रेषेवरून रेषा ९५ मिमीने ओढत गेल्यास शंभर यार्डांत अडीच मिमी कमी पडतात.

पत्रा ०.५ मिमी जाडीचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी घ्यावा. ८ × ४ फुटी पत्र्यातून असे चार तुकडे निघतात. दुकानातून तो सपाटच आणावा. गुंडाळी करून आणलेल्या पत्र्याचा बाक पुढे कायम छळतो. कडा कानशीने घासाव्यात. ५० × २५ मिमी लाकडी पट्ट्यांची चौकट करून आतल्या कठड्यावर ५ मिमी फोमची पट्टी चिकटवावी आणि पत्रा तिच्यावर नुसता ठेवावा. वरची बीडिंग (कडेने लावायची बारीक लाकडी पट्टी) पत्र्याला दाबता कामा नये. कडा स्क्रूने आवळल्या की थरथर तिथेच मरते आणि कडेचे खेळाडू जागचे हलत नाहीत.

खरी कसोटी मोटरपाशी लागते. आसाच्या एका बाजूला बसवलेले वजन फिरले की थरथर निर्माण होते. या आकाराचा पत्रा सुमारे २.९ किलो भरतो. आसापासून १२ मिमीवर १० ग्रॅमचे वजन बसवून मोटर मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरवली, तर सुमारे १२ न्यूटन बल मिळते. वेग दुप्पट केला की बल चौपट होते. म्हणून आधी कमी वेगाने चालवून वजन हळूहळू वाढवावे. वजन ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या बारीक स्क्रूने) घट्ट करून त्यावर झाकण बसवणे अत्यावश्यक आहे. ते सुटले तर गोळीसारखे उडते.

चुंबक पत्र्याला मुख्यतः वर-खाली हलवतो, फिरते वजन मात्र आडवा हिसकाही देते, आणि त्याने सगळे खेळाडू एका बाजूला वाहत जातात. मोटर थेट पत्र्याला बोल्टने जोडण्याची चूक बहुतेकांकडून होते. त्याऐवजी ती प्लायवूडच्या पट्टीवर बसवावी, पट्टीचे एक टोक बिजागरीने चौकटीला अडकवावे आणि दुसरे रबरी गुटक्यामार्फत पत्र्याच्या मध्याला जोडावे. बिजागरी आडवा हिसका बराचसा गिळते. गुटक्याखाली हातभर लांब अ‍ॅल्युमिनियमचा अँगल दिला की कंप पसरतो. नाहीतर मध्यावर आकृत्या उड्या मारतात.

रंगकामात घाई नडते. जीआयवर थेट ऑइल पेंट लावला तर काही काळाने पापुद्रे सुटतात, म्हणून आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्तावर पकड घेणारा अस्तराचा रंग हवा. ब्रशने ओढलेल्या रेषांना उंचवटा राहतो आणि दाते त्यात अडकून आकृती रेषेच्या कडेने वळते. छापील व्हिनाइल चिकटवणे उत्तम. मात्र बुडबुडा राहू देऊ नये.

शेवटी पट पाणसळीने समतल करून नऊ ठिकाणी रिकाम्या बैठका सोडून पाहाव्यात. सगळ्या मध्याकडे गोळा झाल्या तर पत्रा झोळावला आहे; चौकटीला खालून ठोकलेल्या आडव्या पट्टीतून वर येणाऱ्या, टोकाला रबर लावलेल्या ६ मिमी बोल्टने तो हलकेच उचलावा. सगळ्या एका बाजूला गेल्या तर मोटरच्या तारा उलट जोडाव्यात: वाहण्याची दिशा पालटली तर दोष मोटरचा, तशीच राहिली तर उताराचा. खणखणाट येत असेल तर पत्रा कुठेतरी लाकडाला किंवा बोल्टला आपटतो आहे. आणि एकच आकृती सगळीकडे गोल फिरत असेल, तर पटाला हात लावू नये. तिचे दाते एका बाजूला जास्त वाकलेले असतात, ते चिमट्याने एकेक करून सरळ करावेत.