‘म्हणून’, ‘मुळे’ आणि ‘कारण’ : इंग्रजी पत्रात कारण-परिणामाची मांडणी

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे इंग्रजी मसुदे तपासून घेण्यासाठी येणाऱ्या ग्राहकांमध्ये भोसरी आणि चाकणचे लघुउद्योजक आहेत, परदेशातील विद्यापीठांकडे अर्ज पाठवणारे विद्यार्थी आहेत आणि सोसायटीचा पत्रव्यवहार सांभाळणारे पेठेतील निवृत्त गृहस्थही आहेत. या सर्वांच्या मसुद्यांवर आमची पेन्सिल सर्वांत जास्त वेळा एकाच ठिकाणी थांबते, ते म्हणजे कारण आणि परिणाम जोडणारा शब्द. या चुकांचे मूळ बहुतेक वेळा मराठी वाक्याच्या घडणीत सापडते, म्हणून हे माहितीपत्रक आम्ही मराठीच्या बाजूने लिहिले आहे. इंग्रजी वाक्ये मोठ्याने वाचता यावीत, यासाठी ती उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.

उदाहरणादाखल, माल उशिरा पोहोचल्याबद्दल खुलासा करणारे हे वाक्य पाहावे : ‘ड्यू टू पॉवर वॉज ऑफ ऑन थर्सडे, सो द डिस्पॅच वॉज डिलेड.’ लिहिणाऱ्याच्या मनात ‘गुरुवारी वीज बंद असल्यामुळे’ हे शब्द होते. मराठीत ‘असणे’ या क्रियापदाचे ‘असल्या’ असे रूप करून त्याला ‘मुळे’ सहज लावता येते. इंग्रजीतील ‘ड्यू टू’ आणि ‘बिकॉज ऑफ’ यांच्यापुढे मात्र नाम हवे असते. कर्ता आणि क्रियापद असलेले अख्खे वाक्य तेथे चालत नाही. म्हणून एक तर ‘ड्यू टू द पॉवर कट’ असे लिहावे, नाही तर ‘बिकॉज द पॉवर वॉज ऑफ’ असे लिहावे. ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’ व्याकरणात बसते, परंतु जे काम ‘बिकॉज’ एकटा करतो त्यासाठी पाच शब्द खर्च करण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.

त्याच वाक्यातील दुसरा दोष म्हणजे पुढचा ‘सो’. ज्याअर्थी-त्याअर्थी, जर-तर, जेव्हा-तेव्हा अशा जोड्यांनी मराठी वाक्य तोलले जाते आणि ते कानाला पूर्ण वाटते. इंग्रजीत कारण-परिणामाचा सांधा एकाच शब्दाने जोडतात : कारणाला ‘बिकॉज’ लावला असेल, तर परिणामाला ‘सो’ लावू नये. दुरुस्त वाक्य असे होईल : ‘द डिस्पॅच वॉज डिलेड बिकॉज द पॉवर वॉज ऑफ ऑन थर्सडे.’

आता ‘म्हणून’ या शब्दाकडे वळू. तो मराठीत फार कामाचा आहे आणि भाषांतरात तितकाच फसवा आहे. ‘पाऊस होता म्हणून काम थांबवले’ या वाक्यात पाऊस आधी आला आणि काम नंतर थांबले; येथे ‘सो’ किंवा ‘बिकॉज’ योग्य आहे. ‘मुलगी शिकावी म्हणून कर्ज काढले’ या वाक्यात मात्र शिक्षण अजून व्हायचे आहे, ते कर्जाचे कारण नसून उद्देश आहे. त्यासाठी इंग्रजीत ‘सो दॅट’ येतो : ‘वी टूक अ लोन सो दॅट अवर डॉटर कुड स्टडी.’ येथे केवळ ‘बिकॉज’ घालून ‘बिकॉज अवर डॉटर स्टडीड’ लिहिल्यास मुलगी शिकली, या कारणाने कर्ज घ्यावे लागले, असा अर्थ होतो आणि बँकेचा अधिकारी गोंधळतो. खूण सोपी आहे : ‘म्हणून’च्या आधी ‘शिकावी’, ‘मिळावे’, ‘व्हावा’ असे रूप आले, किंवा ‘नये’ आला, की ‘सो दॅट’ वापरावा. सुटे भाग गंजू नयेत म्हणून त्यांना तेल लावून कागदात गुंडाळले जाते, ही गोष्ट कारखानदाराने अशी लिहावी : ‘वी ऑइल अँड रॅप द पार्ट्स सो दॅट दे डू नॉट रस्ट.’

शाळेत शिकलेले उभयान्वयी अव्ययांचे प्रकार येथे उपयोगी पडतात. ‘म्हणून’, ‘सबब’, ‘यास्तव’ ही परिणामबोधक अव्यये दोन समान दर्जाची वाक्ये जोडतात, तर ‘कारण’, ‘का की’ ही कारणबोधक अव्यये गौण वाक्य जोडतात. इंग्रजीतही ‘बिकॉज’ने सुरू होणारे वाक्य गौणच असते, ते एकटे लिहून पूर्णविराम दिला तर अर्धवट राहते. ‘देअरफोर’ आपल्याला ‘सबब’चा जुळा भाऊ वाटतो, पण इंग्रजी व्याकरणात ते क्रियाविशेषण आहे. त्यामुळे दोन वाक्यांच्या मध्ये स्वल्पविराम आणि ‘देअरफोर’ एवढेच ठेवून भागत नाही. पहिल्या वाक्यानंतर अर्धविराम किंवा पूर्णविराम द्यावा, मग ‘देअरफोर’ आणि त्यापुढे स्वल्पविराम. ‘सो’ला मात्र आधीचा एक स्वल्पविराम पुरतो.

‘सिन्स’ हा शब्द वापरताना आम्ही विशेष काळजी घ्यायला सांगतो, कारण तो ‘पासून’ आणि ‘ज्याअर्थी’ या दोन्ही अर्थांनी येतो. ‘सिन्स यू चेंज्ड द ड्रॉइंग, वी हॅव हॅड फोर रिजेक्शन्स’ या वाक्यात आपण केवळ काळ सांगत आहात की ग्राहक कंपनीला दोष देत आहात, हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही. पैशाचा किंवा जबाबदारीचा प्रश्न असलेल्या पत्रात कारणासाठी ‘बिकॉज’ आणि काळासाठी ‘एव्हर सिन्स’ असे स्वच्छ लिहावे.

नकाराच्या बाबतीतही अशीच अडचण येते. ‘आय डिड नॉट लीव्ह द जॉब बिकॉज ऑफ द सॅलरी’ याचे दोन अर्थ होतात : पगार चांगला होता म्हणून नोकरी सोडली नाही, किंवा सोडली, पण पगारामुळे नव्हे. मराठीत ‘मी पगारामुळे नोकरी सोडली नाही’ हे वाक्यही तितकेच संदिग्ध आहे, फक्त बोलताना आवाजाच्या चढउताराने ते निभावून जाते. नोकरीच्या अर्जात आवाज नसतो, म्हणून तेथे खरे कारण होकारार्थी वाक्यात द्यावे.

‘रिझल्ट’ हे क्रियापद पुढच्या शब्दानुसार दिशा बदलते. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात पूर आला. धरणापासून सुरुवात केली तर ‘द ब्रीच रिझल्टेड इन द फ्लड’, आणि पुरापासून केली तर ‘द फ्लड रिझल्टेड फ्रॉम द ब्रीच’. ‘इन’पुढे परिणाम येतो, ‘फ्रॉम’पुढे कारण. अहवालात हे दोन शब्द बदलले, तर पुरामुळे धरण फुटले असा अर्थ होतो.

आणखी दोन सवयी सोडाव्यात. ‘का तर’ यावरून आलेला ‘व्हाय बिकॉज’ लिहू नये. नुसता ‘बिकॉज’ पुरे. ‘याचे कारण असे की’ यासाठी ‘द रीझन इज दॅट’ लिहावे. चांगल्या परिणामाचे श्रेय देताना, उदाहरणार्थ ‘आपल्या सहकार्यामुळे’ म्हणताना, ‘ड्यू टू’पेक्षा ‘थँक्स टू’ आम्हांला अधिक शोभून दिसतो.

मसुदा आणताना त्यासोबत मूळ मराठी मजकूर, हाताने लिहिलेला असला तरी, अवश्य आणावा. त्यातील प्रत्येक ‘म्हणून’ आणि ‘मुळे’ यांच्याखाली रेघ मारून ठेवल्यास आपल्याला कारण सांगायचे आहे की उद्देश, हे आम्हांला समोर बसून विचारता येते आणि त्यानुसार इंग्रजी वाक्य त्याच बैठकीत पक्के करून देता येते.