बोडोनी मुद्राक्षरे

जाड व बारीक रेषांमधील तीव्र भेद, सरळ उभा तोल आणि केसासारखे बारीक, आडवे सेरिफ (अक्षरातील रेषांच्या टोकांना जोडलेल्या छोट्या रेषा) ही लक्षणे असलेला रोमन लिपीचा अक्षरवळण-समूह. इटलीतील पार्मा येथील मुद्रक व खिळेकार (छपाईची धातूची अक्षरे, म्हणजे खिळे, घडवणारा) जांबात्तीस्ता बोडोनी (१७४०–१८१३) याच्या नावाने तो ओळखला जातो. फ्रान्समधील दीदो या मुद्रक घराण्याची मुद्राक्षरे याच वर्गात मोडतात. फ्रेंच मुद्राक्षरतज्ज्ञ मॅक्सिमिलियाँ व्होक्स याने १९५४ मध्ये अक्षरवळणांचे वर्गीकरण मांडताना दीदो व बोडोनी ही दोन नावे जोडून या वर्गाला ‘दिदोन’ असे नाव दिले.

बोडोनीचा जन्म पिडमाँटमधील सालुत्सो येथे मुद्रकाच्या घरात झाला. रोममधील धर्मप्रसार मंडळाच्या (प्रोपागांदा फिदे) बहुभाषिक छापखान्यात त्याने उमेदवारीची वर्षे काढली आणि तेथे पौर्वात्य लिप्यांचे खिळे हाताळले. याच छापखान्यातून १७७१ मध्ये सुट्या देवनागरी खिळ्यांनी छापलेले ‘अल्फाबेतुम ब्राम्हानिकुम’ हे पुस्तक निघाले. मात्र तोवर बोडोनीला रोम सोडून सुमारे पाच वर्षे झाली होती. त्यामुळे त्या देवनागरी खिळ्यांशी त्याचे नाव जोडणे सयुक्तिक ठरत नाही. १७६८ मध्ये तो पार्माच्या ड्यूकच्या राजमुद्रणालयाचा प्रमुख झाला.

या वळणाचे जनकत्व कोणाचे, हा प्रश्न बराच वादाचा आहे. अनेक संदर्भग्रंथ त्याच्या निर्मितीचे वर्ष १७९८ असे देतात. परंतु ते सोयीसाठी स्वीकारलेले वर्ष मानावे, कारण हे वळण एकाएकी अवतरलेले नाही. बोडोनीचा १७७१ चा नमुनाग्रंथ पॅरिसचा खिळेकार फूर्निये याच्या नक्षीदार व मृदू वळणाचे अनुकरण करतो आणि १७८८ च्या ‘मानुआले तिपोग्राफिको’ (मुद्रणपुस्तिका) या नमुनाग्रंथात जाड-बारीक भेद वाढलेला दिसतो. दरम्यान फिरमँ दीदो याने पॅरिसमध्ये १७८४ च्या सुमारास कोरलेल्या खिळ्यांत नवे वळण पूर्णत्वास पोहोचले होते. केवळ कालक्रम पाहिल्यास अग्रमान दीदोकडे जातो, आणि तेच मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र दोघांच्याही मागे इंग्लंडमधील मुद्रक जॉन बास्करव्हिल याचा गुळगुळीत कागद, गडद शाई व टोकदार वळण यांचा प्रभाव होता. त्याही आधी, १६९२ नंतर फ्रेंच राजमुद्रणालयासाठी भूमितीच्या आधारे आखलेल्या ‘रोमँ दु र्‍वा’ या अक्षरांत उभा तोल व सपाट सेरिफ आढळतात. रुंद टोकाच्या लेखणीऐवजी दाबानुसार फाकणारी टोकदार लेखणी वापरात आल्याने रेषेची जाडी लेखणीच्या कोनावर न राहता हाताच्या दाबावर अवलंबून राहू लागली, हेही या बदलाचे एक कारण होय. अशा स्थितीत एका व्यक्तीला जनक ठरवण्यापेक्षा बोडोनीने या वळणाला किती व्याप्ती दिली, हे पाहणे अधिक फलदायी आहे.

ती व्याप्ती असाधारण आहे. त्याच्या मृत्यूनंतर पत्नी मार्गेरिता दाल्लाल्यो हिने १८१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या ‘मानुआले तिपोग्राफिको’मध्ये ‘पार्मिज्यानिना’ या अतिसूक्ष्म आकारापासून ‘पापाले’ या अतिभव्य आकारापर्यंतची अक्षरे आहेत. हा प्रत्येक आकार स्वतंत्रपणे कोरलेला आहे: लहान आकारात बारीक रेषा किंचित जाड ठेवलेल्या आहेत, तर मोठ्या आकारात त्या जवळजवळ केशरेषा होतात. ग्रंथाच्या प्रस्तावनेत बोडोनीने मुद्राक्षरांचे चार गुण सांगितले आहेत : नियमितता, स्वच्छता, सुरुची आणि लालित्य.

विसाव्या शतकातील पुनरुज्जीवनात ही आकारनिष्ठता बहुधा हरवली. मॉरिस फुलर बेंटन याने अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी १९०९ पासून सिद्ध केलेली बोडोनी अधिक भूमितीय आहे; १९२६ ची हाइनरिख योस्ट याची बाउअर बोडोनी मूळ लालित्याच्या बरीच जवळ जाते. संगणकावर एकच आरेखन हवे तसे लहान-मोठे करता येऊ लागल्यावर हा दोष ठळक झाला. मथळ्यासाठी आखलेले अक्षर मजकुराच्या आकारात आणले की केशरेषा तुटतात, उभ्या जाड रेषाच तेवढ्या उरतात आणि डोळ्यांपुढे काठ्यांच्या कुंपणासारखा भास होतो. वाचनास त्रासदायक म्हणून बोडोनीला दिले जाणारे दूषण खरे पाहता अशा वापराला द्यायला हवे, जरी विल्यम मॉरिस या इंग्रज मुद्रक-कलावंतासारख्या जाणकारानेही हे वळण मुळातच कुरूप ठरवले होते. १९९४ च्या आयटीसी (इंटरनॅशनल टाइपफेस कॉर्पोरेशन) बोडोनीत सहा, बारा व बहात्तर पॉइंट (अक्षराच्या आकाराचे माप) यांसाठी वेगवेगळी आरेखने देऊन मूळ तत्त्व पुन्हा स्वीकारले गेले.

फॅशन नियतकालिकांची शीर्षके, सुगंधी द्रव्यांची वेष्टने व संगीतविषयक छपाई यांत या वर्गाची अक्षरे विशेष रूढ आहेत. प्रशस्त समास आणि ओळींमधील मोकळी जागा त्यांना मानवते; खरबरीत वृत्तपत्री कागद मानवत नाही.

देवनागरीत हे तत्त्व जसेच्या तसे उतरत नाही. बोरूच्या तिरप्या छाटामुळे देवनागरीतील जाडी रोमनपेक्षा निराळ्या दिशेने पडते; उभी रेषा जाड व आडवी बारीक हा बोडोनीचा नियम काटेकोरपणे लावल्यास अक्षरांना एकत्र बांधणारी शिरोरेषाच केशरेषा होऊ पाहते. तरीही इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘रोझा वन’ या देवनागरी व रोमन अक्षरसंचात टोकाचा जाड-बारीक भेद साधलेला असून तो मोठ्या मथळ्यांसाठी योजलेला आहे.