ठिपक्यामागचे पुणे: जागेवरून वन्यजीव-नोंदी शोधण्याची पार्श्वभूमी

पक्षी, फुलपाखरे, साप, बेडूक यांच्या ऑनलाइन नोंदी जागेवरून शोधणे आता दोन मिनिटांचे काम आहे. पक्षीनोंदींच्या ई-बर्डवर हॉटस्पॉट (पक्षी पाहण्याची ठरलेली जागा) निवडावा, सर्व जीवांच्या नोंदींच्या आयनॅचरलिस्टवर नकाशात चौकट आखावी, जगभरच्या नोंदी एकत्र करणाऱ्या जीबीआयएफवर बहुभुज काढावा, की यादी समोर येते. घोटाळा एवढाच, की नकाशावरचे सगळे ठिपके सारखेच दिसतात. प्रत्यक्षात एक ठिपका पाच मीटरांचा असतो, दुसरा अर्ध्या तालुक्याचा, तर तिसरा अख्ख्या दख्खनचा. कोणता ठिपका किती मोठा, हे ती नोंद कधी आणि कशाने झाली यावर ठरते.

पुण्याच्या परिसरात हे फार जपून पाहावे लागते. शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर ताम्हिणीत त्याच्या कित्येक पट, आणि पूर्वेला सुपे-बारामतीकडे शहराहूनही कमी. एका टोकाला भीमाशंकरचा शेकरू, दुसऱ्या टोकाला मयूरेश्वर अभयारण्यातला चिंकारा, आणि दोघांचाही जिल्हा पुणेच. सपाट मुलखात वीस किलोमीटरची चूक खपून जाईल. इथे तेवढ्या चुकीने सदाहरित रानातला प्राणी माळरानावर येऊन बसतो.

या भागाची पहिली मोठी शास्त्रीय यादी विल्यम हेन्री साईक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्याला सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. ते करताना पाहिलेल्या-जमवलेल्या पक्ष्यांची त्याची यादी १८३२ मध्ये लंडनमध्ये छापून आली. आपल्या ओढ्याकाठची ढोकरी आणि माळावरचा साईक्सचा चंडोल यांची शास्त्रीय वर्णने पहिल्यांदा त्याच यादीत आली. ठिकाण म्हणून तिथे ‘दख्खन’ एवढेच आहे. त्याच्या सांख्यिकी अहवालात दख्खनचे चार जिल्हे येतात: पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड. आजच्या संगणकीय भाषेत सांगायचे, तर ‘दख्खन’ या शब्दाला अक्षांश-रेखांश द्यायचे झाल्यास सोबत शेकडो किलोमीटरांची अनिश्चितता लिहावी लागते. साईक्सची त्यात चूक नाही. पक्षी कोणत्या मुलखात आढळतो, एवढेच त्या काळी सांगायचे असे.

१८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली आणि नमुन्यांना, टिपणांना कायमचे घर मिळाले. नमुन्यांना बांधलेल्या चिठ्ठ्यांवर आता गावांची नावे येऊ लागली, पण ‘पूना’ म्हणजे शहर, छावणी की जिल्हा, हे चिठ्ठी सांगत नाही. खडकीचे स्पेलिंग त्या काळी ‘किर्की’ असे होई, त्यामुळे ठिकाणाच्या रकान्यात आजचे स्पेलिंग टाकून शोधणाऱ्याला त्या नोंदी सापडतच नाहीत. १९४२ मध्ये याच सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांची यादी प्रसिद्ध झाली. तेव्हाची मुळा-मुठा आणि आजची यांची तुलना करणाऱ्याला ती हवीच, पण मासा कोणत्या डोहात मिळाला हे मीटरच्या हिशेबात शोधायला गेले तर हाती काही लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर पुण्यात दोन सरकारी केंद्रे आली: भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे १९५५ मध्ये आणि भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे १९५९ मध्ये. त्या पिढीचे हत्यार म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे भूरचनेचा छापील नकाशा. १:५०,००० प्रमाणाचा एक पत्रा (नकाशाचा एक कागद) १५ कला लांब, १५ कला रुंद; कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पुण्याच्या अक्षांशावर हे साधारण २७.७ गुणिले २६.४ किलोमीटर भरते. शहराचा मोठा भाग ४७ एफ/१४ मध्ये, सिंहगड ४७ एफ/१५ मध्ये. जुन्या अहवालात नुसता पत्र्याचा क्रमांक असेल तर नोंद त्या अख्ख्या चौकोनाची धरावी, मधोमध ठिपका टाकून मोकळे होऊ नये. आणखी एक मेख आहे. अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी पृथ्वीचा जो आकार धरतात, ती संदर्भपद्धत दोन्हीकडे वेगळी: जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट पद्धतीवर आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालते. पत्र्यावरून वाचलेला आकडा जसाच्या तसा भरला तर पुण्यात शंभरेक मीटरांचा फरक पडतो. बिबट्याच्या नोंदीला तो चालेल, एका झऱ्यापुरत्या राहणाऱ्या बेडकाला चालणार नाही.

मग जीपीएस आले. अमेरिकेने नागरी संकेतांत मुद्दाम घातलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली आणि शंभर मीटरांच्या घरातली अचूकता दहा-वीस मीटरांवर आली. ऑनलाइन नोंदसाठे त्याच सुमाराचे आहेत, हा योगायोग म्हणता येणार नाही. २००१ मध्ये कोपनहेगनला मुख्यालय असलेले जीबीआयएफ, २००२ मध्ये ई-बर्ड (जगभरासाठी २०१० मध्ये खुले), २००८ मध्ये आयनॅचरलिस्ट आणि त्याच वर्षी इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल.

नव्या साठ्यांत जुने नमुने भरायचे तर ‘पूना’चे आकड्यांत रूपांतर करणे आले. २००४ मध्ये त्यासाठी बिंदू-त्रिज्या पद्धत मांडली गेली: ठिकाणाचा मध्य घ्यायचा आणि खरी जागा नक्की आत येईल एवढी त्रिज्या सोबत लिहायची. २००९ मध्ये मान्य झालेल्या डार्विन कोअर या जीव-नोंदी लिहिण्याच्या मानकात या त्रिज्येला स्वतंत्र रकाना आहे. माझ्या मते साऱ्या साठ्यातला तो सर्वांत मोलाचा रकाना, आणि नेमका तोच असंख्य नोंदींत रिकामा आहे. पुण्याचे म्हणून सर्रास दिले जाणारे आकडे १८.५२०४ उत्तर, ७३.८५६७ पूर्व. चार दशांश स्थळे म्हणजे दिसायला ११ मीटरांची अचूकता, आणि अर्थ मात्र ‘पुणे, कुठेतरी’. त्रिज्या लिहिली नाही तर मावळातून आणलेला सरडा कायमचा शनिवारवाड्याच्या परिसरात नांदतो.

आकडे भरताना होणाऱ्या दोन चुका इतक्या नेहमीच्या आहेत, की त्यांची ओळख करूनच घ्यावी. पहिली अदलाबदल. अक्षांशाच्या जागी ७३.८५ आणि रेखांशाच्या जागी १८.५२ पडले, तर पुण्याचा पक्षी नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या दक्षिणेकडच्या बर्फगार समुद्रात जातो. ही चूक बरी, कारण ती लगेच डोळ्यांत भरते आणि संगणकही ती पकडतो. दुसरी चूक लबाड आहे. १८ अंश ३१ कला हे दशांशात १८.५२ होते. कोणी कला तशाच दशांश समजून १८.३१ लिहिले आणि ७३ अंश ५१ कलांचे ७३.५१ केले, तर ठिपका नैर्ऋत्येला चाळीसेक किलोमीटर सरकून तोरण्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याच्या आसपास पडतो. राज्य तेच, आकडेही पटण्यासारखे, त्यामुळे कोणतीही यंत्रणा हटकत नाही. दशांशानंतरचे पहिले दोन आकडे मिळून कधीच ६० च्या पुढे जात नसतील, तर त्या संचाबद्दल शंका घ्यावी.

फोन आल्यावर चुका संपल्या नाहीत, त्यांचे रूप बदलले. अँड्रॉइड १२ पासून ॲपला ‘अंदाजे’ स्थान देण्याची सोय आहे. ते स्थान सुमारे तीन चौरस किलोमीटरांच्या आत कुठेही असू शकते. वेताळ टेकडीवर फोटो काढावा आणि नोंद कोथरूडच्या एखाद्या सोसायटीत पडावी, असे त्यातून होते. म्हणून परवानगी देताना अचूक स्थानच निवडावे. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो स्थानाची माहिती गाळून पोहोचतो, त्यामुळे मित्राने पाठवलेल्या फोटोची जागा त्यालाच विचारावी. ई-बर्डवर तऱ्हा वेगळी: हॉटस्पॉट निवडला की चालताना पाहिलेले सगळे पक्षी त्या एकाच पिनवर जमा होतात. कवडीला नदीकाठाने पाच किलोमीटर चालून एकच यादी भरली, तर कोणता पक्षी कुठल्या वळणावर होता हे पुढे कोणालाच कळत नाही. दीड किलोमीटरच्या आतली यादी त्या मानाने फार कामाची.

काही ठिपके मात्र जाणूनबुजून हलवलेले असतात, आणि ते तसेच असायला हवेत. शिकार आणि तस्करीचा धोका असलेल्या प्रजातींची जागा आयनॅचरलिस्ट ०.२ अंशांच्या चौकोनात कुठेतरी टाकते. पुण्याजवळ हा चौकोन साधारण २२ गुणिले २१ किलोमीटरांचा, तिरका ३० किलोमीटर. सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तिन्ही गड एकाच चौकोनात बसतात. तेव्हा असा ठिपका पाहून कोणी राजगडावर शोधाशोध करू नये. उलट बाजूही ध्यानात घ्यावी: लहानशा जागेची सीमा लावून शोधले, तर अशा नोंदी यादीत बहुधा येतच नाहीत. वेताळ टेकडीच्या यादीत एखादी प्रजाती दिसली नाही, एवढ्यावरून ती तिथे नाही असे ठरत नाही.

शोधाची चौकट ठरवताना जिल्ह्याच्या नावावर विसंबू नये. भीमाशंकर अभयारण्य पुणे, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत पसरले आहे. ‘पुणे जिल्हा’ निवडला की पश्चिमेचा उतार गळतो. उजनीचा फुगवटाही सोलापूरशी वाटलेला आहे. त्यापेक्षा स्वतःची चौकट आखावी. वेताळ टेकडीसाठी अक्षांश १८.५१ ते १८.५४ आणि रेखांश ७३.८० ते ७३.८३ घेतले, तर साधारण सव्वातीन किलोमीटर बाजूचा चौकोन मिळतो. जीबीआयएफवर बहुभुजाचे आकडे हाताने भरायचे असतील तर प्रत्येक बिंदूत रेखांश आधी, अक्षांश नंतर. बिंदूंचा क्रम घड्याळाच्या उलट दिशेने. आणि शेवटचा बिंदू पहिल्यासारखाच. क्रम उलटा झाला तर ‘चौकोन वगळून उरलेली पृथ्वी’ असा अर्थ होतो आणि शोध चालत नाही.

यादी उतरवून घेतल्यावर आधी अनिश्चिततेच्या, म्हणजे त्या त्रिज्येच्या, रकान्यावर क्रम लावावा. चौकटीच्या बाजूपेक्षा मोठी त्रिज्या असलेल्या नोंदी बाजूला काढाव्यात, पण पुसू नयेत. रकाना रिकामा असलेल्यांचा वेगळा गट करावा, त्यात वर्ष आणि नोंदीचा प्रकार पाहावा: संग्रहालयातला नमुना की प्रत्यक्ष निरीक्षण. एकाच अक्षांश-रेखांशावर पन्नास वेगवेगळ्या प्रजाती रचलेल्या दिसल्या, तर तो बहुधा हॉटस्पॉटचा पिन किंवा शहराचा मध्य असतो. आणि २००० च्या आधीची नोंद चार-पाच दशांश स्थळांसह समोर आली, तर ते आकडे नंतर कोणीतरी बसवलेले असण्याचीच शक्यता मोठी. अशा वेळी ठिकाणाच्या रकान्यातला मूळ मजकूर उघडून वाचावा. तिथे कधी ओढ्याचे, कधी बंगल्याचे नाव सापडते, आणि नकाशाने पुसलेली जागा पुन्हा हाती येते.