दगडखाणीतलं पाणी आणि पक्ष्यांचे पाय

वेताळ टेकडीवरच्या बंद दगडखाणीत पावसाळ्यानंतर पाणी साठलेलं असतं. पुण्याचा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट. तो अखंड असेल तिथे पाणी सहज मुरत नाही, त्यामुळे सुरुंगांनी पाडलेल्या खड्ड्याचं आपसूक तळं होतं. वाघोली, मोशीकडेही दगडखाणी आहेत. पण पाणी आहे म्हणून सगळेच पक्षी येतील असं नाही. कोण येणार, हे बरंचसं काठाच्या उतारावर ठरतं.

टिबुकलीचंच बघा. तिचे पाय अगदी शेपटीकडे, बोटांना चपट्या पाळ्या. जमिनीवर तिला धड चालता येत नाही, पण बुडी मारली की कुठल्या कुठे वर निघते. खोल पाणी तिला चालतं. घरटं मात्र पाणवनस्पतींचं, तरंगतं, लव्हाळ्याला अडकवलेलं. धोक्याची चाहूल लागली की ती चोचीनं ओला पाला ओढून अंडी झाकते आणि मगच पाण्यात शिरते. काठाला लव्हाळाच नसेल तर हे घरटं अडकवायचं कुठे?

शेकाट्याचं निराळं. तो चालत चालत टिपतो, म्हणून त्याला लांब गुलाबी पाय टेकतील एवढंच पाणी हवं. तुतवारला तर काठाचा ओला पट्टा पुरतो. कड्याखाली थेट खोल पाणी असेल तर दोघांनाही उभं राहायला जागा नाही. शेकाटे पाहायला आपण पुण्याजवळच्या कवडीपाटला जातो, ते तिथे मुळा-मुठा उथळ पसरते म्हणून.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ ॲटनबरो इथे खडी काढून झालेल्या खड्ड्यांत पाणी भरलं आणि १९६६ साली तिथे निसर्ग राखीव क्षेत्र सुरू झालं. ती नदीकाठची सैल खडी. आपल्याकडे काळा कातळ, त्यामुळे उतार मुद्दाम करावा लागेल. एखाद्या खाणीत एका बाजूला मुरूम टाकून उथळ काठ तयार करावा, लव्हाळा वाढू द्यावा, असं मला मनापासून वाटतं. राडारोड्यानं खाण बुजवू नये.

उरलेले कडे मात्र तसेच ठेवावेत. शृंगी घुबड घरटं बांधत नाही, कपारीतल्या मातीवरच अंडी घालतं आणि आसपासच्या शेतांतले उंदीर खातं. कातळावर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले तर वर नीट पाहा, पण समोरच्या काठावरून आणि दुर्बिणीतून. हिवाळ्यात त्याची वीण चालू असते, तेव्हा कपारीजवळ चढून जाऊ नका.