पोलिसाने गाडी थांबवली आणि कमरेला पिस्तूल आहे
(टेक्ससमधल्या आमच्या हँडगन लायसन्स क्लासच्या मराठी ग्राहकांसाठी)

क्लास सुटला की पार्किंगमध्ये कोणीतरी हमखास गाठतं : "सर, लायसन्स मिळेल हो, पण अडवणाऱ्या पोलिसालाच कायदा ठाऊक नसला तर?"

प्रश्न रास्त आहे. टेक्ससमध्ये १ जानेवारी १९९६ पासून लपवून पिस्तूल बाळगायचं लायसन्स मिळू लागलं. १ जानेवारी २०१६ पासून लायसन्सवाल्यांना ते होल्स्टरमध्ये उघडपणे लावता येऊ लागलं. १ सप्टेंबर २०२१ पासून तर एकवीस पूर्ण झालेल्या आणि कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला लायसन्सही लागत नाही. एकाच नोकरीत तीनदा नियम बदललेले पोलीस आजही रस्त्यावर आहेत, आणि अकादमीत पाठ केलेलं काही त्यांच्या डोक्यातून लगेच जात नाही.

मला स्वतःला एका छोट्या गावाबाहेर असा अनुभव आला. गणपतीच्या कार्यक्रमाहून येत होतो, डॅशबोर्डवर खिरापतीचा डबा. मागचा दिवा गेला म्हणून थांबवलं. लायसन्स बघून साहेब म्हणाले, गाडीतलं पिस्तूल रिकामंच असलं पाहिजे. असा नियम टेक्ससमध्ये नाही. माझ्या जिभेवर कलम तयार होतं, पण गिळलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिलो. ते त्यांच्या गाडीत जाऊन रेडिओवर बोलले, परत आले, कागद हातात दिले आणि दिव्याचं तेवढं बघा म्हणाले. चूक झाली असं काही म्हणाले नाहीत. मीही वाट पाहिली नाही.

फिलाडेल्फियात २०११ साली हेच वाईट वळणावर गेलं. तिथे लायसन्सवाल्याला पिस्तूल उघडपणे लावून चालता येतं. तसं चालणाऱ्या एकावर पोलिसाने बंदूक रोखली, शिव्यांसकट जमिनीवर पालथं पाडलं. त्या पोलिसाला नियमच माहीत नव्हता.

आता कडू भाग. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या हायन खटल्यात सांगून टाकलं की पोलिसाची कायद्याबद्दलची चूक समजण्यासारखी असेल, तर त्याने गाडी थांबवणं वैध ठरतं. तिथेही निमित्त ब्रेकच्या दिव्याचंच होतं. तुमची-आमची चूक मात्र अशी सहजी पोटात घातली जात नाही. म्हणून रस्त्यावर वाद नको. जे मांडायचं ते नंतर, वकिलामार्फत.

गाडी थांबली की आतला दिवा लावा, काच खाली करा, हात दिसू द्या. टेक्ससमध्ये पोलिसाने ओळखपत्र मागितलं आणि पिस्तूल तुमच्याजवळ असलं, तर लायसन्सवाल्याने ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर हँडगनचं लायसन्सही द्यायचं. तोंडाने सांगायचंच झालं तर "माझ्याकडे हँडगनचं लायसन्स आहे" इथून सुरुवात करा. "गन" हा शब्द आधी नको, आणि विचारल्याशिवाय खिशाकडे हात नको. मिनेसोटात फाल्कन हाइट्सला जुलै २०१६ मध्ये परवाना असलेल्या एका माणसाने जवळ पिस्तूल असल्याचं स्वतःहून, अदबीने सांगितलं होतं. काही क्षणांत पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या. पुढे तो पोलीस निर्दोष सुटला. हा प्रसंग वर्गात सांगताना माझा आवाज अजूनही बसतो.

स्वतःच्या सुरक्षिततेसाठी पिस्तूल काढून घ्यायचा अधिकार पोलिसाला आहे. घेऊ द्या. "मी काढून देतो" म्हणत कमरेकडे हात नेऊ नका.

राज्य बदललं की नियम बदलतो. मिशिगनमध्ये विचारायची वाट न बघता लगेच सांगावं लागतं. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया टेक्ससचं लायसन्स मानतच नाहीत. बीएमएमचं, म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, अधिवेशन २०२२ मध्ये न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीला झालं, २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला. ग्लव्ह बॉक्समध्ये पिस्तूल आहे हे विसरून निघालेला टेक्ससवाला दोन्हीकडे गोत्यात आला असता. त्याच अटलांटिक काउंटीत २०१३ साली पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स असलेल्या एका बाईंनी पोलिसाला सगळं खरं सांगितलं आणि त्यांना अटक झाली. तुरुंगात दिवस काढावे लागले, पुढे २०१५ मध्ये गव्हर्नरांनी माफी दिली. तिथे पोलिसाला कायदा पक्का ठाऊक होता, बाईंना नव्हता.

एक गोष्ट मात्र बहुतेक मराठी घरांत लागू होते. एच-वन, एल-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर फेडरल कायद्याने पिस्तूलच काय, गोळ्याही जवळ ठेवता येत नाहीत. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. गावच्या पोलिसाला व्हिसाची ही भानगड बहुधा माहीत नसते, तो "यू आर गुड" म्हणून सोडून देईलही. त्याचं म्हणणं फेडरल कोर्टात चालत नाही. म्हणून आम्ही नाव नोंदवतानाच स्टेटस विचारतो. राग मानू नका.

वर्गात पिस्तूल आणायचं नाही. ते लागेल नेमबाजीच्या दिवशी. तेव्हा रिकामं करून, पेटीत बंद करून आणा. गोळ्या वेगळ्या डब्यात. आणि घरून निघण्याआधी गाडीचा मागचा दिवा तपासा.