अमेरिकेत बांधकाम साइटवरचं पावसाचं पाणी: परमिट कुणाला लागतं, तपासणी कधी करायची

अमेरिकेत साइटवर नव्याने रुजू झालेल्या आपल्या सिव्हिलच्या मुलांना मी एकच सांगतो, सकाळी आल्या आल्या पर्जन्यमापक बघा. चोवीस तासांत पाव इंच पाऊस, म्हणजे जेमतेम सहा मिलिमीटर. कोकणात वाढलेल्याला तो पाऊस वाटतच नाही, पण इथे तेवढ्यावरही तपासणी करावी लागू शकते.

हे नियम ईपीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, २०२२ च्या कन्स्ट्रक्शन जनरल परमिटचे; साइटवरचं पावसाचं पाणी बाहेर सोडायला ते लागतं. मुदत १६ फेब्रुवारी २०२७ पर्यंत. मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर अशा ठिकाणी हे परमिट थेट लागू होतं. बहुतेक राज्यांचं स्वतःचं परमिट आहे, तिथे त्यांचेच आकडे पाहा.

एक एकर किंवा जास्त जमीन उकरणार असाल आणि पाणी ओढ्या-नदीत जाणार असेल, तर परमिट हवं. प्लॉट एक एकराहून लहान पण मोठ्या प्रकल्पाचा भाग असेल, तरीही हवंच. बांधकामाच्या आराखड्यावर ज्याचा ताबा आहे तो मालक आणि रोजचं काम चालवणारा कंत्राटदार, दोघंही अर्जदार.

अर्जाआधी पाणी-प्रदूषण प्रतिबंध आराखडा तयार लागतो. साइटवर त्याला सगळे ‘स्विप’ म्हणतात. त्यात साइटचा नकाशा, उतार, पाणी बाहेर पडायच्या जागा, गाळ अडवायचे उपाय येतात. धोक्यात आलेल्या प्रजाती आणि ऐतिहासिक वास्तूंबाबतची पात्रताही कागदावर दाखवावी लागते. मग काम सुरू होण्याच्या किमान १४ दिवस आधी नोटीस ऑफ इन्टेन्ट, म्हणजे परमिटचा अर्ज, ऑनलाइन भरायची.

तपासणीला दोन पर्याय आहेत. दर ७ दिवसांनी एकदा. नाहीतर दर १४ दिवसांनी एकदा आणि शिवाय पाव इंच पावसानंतर २४ तासांच्या आत. पाणी आधीच गाळाने बिघडलेल्या किंवा विशेष संरक्षण असलेल्या प्रवाहात जात असेल तर ही निवड नाही: दर ७ दिवसांनी आणि पावसानंतरही. खड्ड्यातलं पाणी उपसून बाहेर सोडत असाल, तर त्या प्रत्येक दिवशी. तपासणारा माणूस ईपीएचा कोर्स आणि परीक्षा पास झालेला, किंवा तशाच दर्जाचं प्रमाणपत्र असलेला हवा.

फिरताना सिल्ट फेन्सपाशी, म्हणजे गाळ अडवणाऱ्या कापडी कुंपणापाशी, वाका. कापडाला टेकून साचलेला गाळ जमिनीवरच्या उंचीच्या निम्म्यापर्यंत पोचायच्या आत काढायचा असतो. गाडीतून बसून हे दिसत नाही, आणि गाडीतून लिहिलेला रिपोर्ट लगेच ओळखू येतो. रिपोर्ट २४ तासांत पूर्ण करा, सही घ्या, तीन वर्षं जपा. किरकोळ दुरुस्ती लगेच पुढच्या कामाच्या दिवसाअखेर, नवीन उपाय किंवा मोठी दुरुस्ती ७ दिवसांत.

शेवटी जमिनीवर गवत-झाडोरा नीट धरला, म्हणजे आसपासच्या नैसर्गिक आच्छादनाच्या किमान ७० टक्के, की फोटो जोडून नोटीस ऑफ टर्मिनेशन, म्हणजे परमिट संपवायचा अर्ज, भरा. ही नोटीस जाईपर्यंत तपासणी चालूच.