बिल ठरतं चार तासांवर

दिवसभराचे व्यवहार खात्यांत चढवायचे, व्याज लावायचं, स्टेटमेंटं काढायची. बँकांची ही कामं रात्री एकगठ्ठा होतात. त्यांनाच बॅच जॉब म्हणतात, आणि जगातल्या कित्येक मोठ्या बँकांत ते आजही आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावर, चालतात. रात्री ग्राहक कमी, यंत्र मोकळं. मग बॅचला लगाम कशाला, म्हणजे तिच्या प्रोसेसर-वापरावर मर्यादा कशाला?

कारण सॉफ्टवेअरचं बिल. मेनफ्रेमवर प्रोसेसरचा वापर एमएसयू या एककात मोजतात. आयबीएमच्या बऱ्याच जुन्या करारांत मागच्या चार तासांची सरासरी सतत काढली जाते आणि महिन्यातली सर्वात मोठी सरासरी बिल ठरवते. कारखान्याला महावितरण कमाल मागणीवर आकार लावतं, तसंच. बाकीचा महिना यंत्र निवांत होतं, याला किंमत नाही.

म्हणून एलपारला, म्हणजे यंत्राच्या एका तार्किक भागाला, मर्यादा घालतात. समजा ती ४०० एमएसयू आहे. आधीचे दोन तास २०० वर गेले असतील, तर पुढचे दोन तास ६०० वापरले तरी चालतं. सरासरी ४००च भरते. त्यानंतर मात्र वर्कलोड मॅनेजर, म्हणजे कामांना प्रोसेसर वाटून देणारं सॉफ्टवेअर, लगाम खेचतो. हा लगाम अख्ख्या एलपारला बसतो. कमी महत्त्वाची कामं आधी मागे पडतात खरी, पण ताण फार असेल तर एटीएमचे व्यवहारही रेंगाळू शकतात. त्यापेक्षा थेट बॅचलाच आवरलेलं बरं, असं मला वाटतं. बॅच जॉब ज्यांत चालतात त्या जागांना इनिशिएटर म्हणतात. एकेका इनिशिएटरमध्ये एका वेळी एकच जॉब चालतो; त्यांची संख्या घटवली की उरलेले जॉब रांगेत थांबतात. किंवा बॅचच्या गटालाच प्रोसेसरचा ठरावीक वाटा देतात.

खरी गोम पुढे आहे. रात्री हात फार आखडला तर बॅच सकाळपर्यंत लांबते. दहा वाजताच्या सरासरीत सहापासूनचा वापर धरलेला असतो, म्हणजे लांबलेली बॅच आणि शाखा उघडल्यावरची गर्दी एकाच आकड्यात येतात. रात्रीचं शिखर कापायला जावं आणि सकाळी त्याहून उंच उभं राहावं! त्यामुळे मर्यादा ठरवण्याआधी कुठला जॉब कुठल्यावर अवलंबून आहे आणि कशाला सकाळच्या आत संपायलाच हवं, हे पाहावं लागतं. कोणाला नको असलेला अहवाल रोज रात्री निघत असेल, तर तो आधी बंद करावा.

आयबीएमने २०१९ मध्ये ‘टेलर्ड फिट प्रायसिंग’ आणलं. त्यात शिखराऐवजी एकूण वापर मोजणारा करारही मिळतो. तिथे जॉब पहाटे ढकलून काही वाचत नाही. प्रोसेसर खाणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढणारी आज्ञाच, सुधारावी लागते.